सेव्हन, कॅटरहॅम आणि आमच्या शेडमधली फ्रेम: सगळे विचारतात ते प्रश्न

नाशिकच्या अंबडला आमच्या शेडच्या मागच्या बाजूला दोन वर्षांपासून एक पाइपांची फ्रेम उभी आहे, कामाला येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थांबतो, हात लावून बघतो आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. आता व्हॉट्सॲपवरही यायला लागलेत, म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहून ठेवतोय. माझा धंदा फॅब्रिकेशनचा, त्यामुळे वेल्डिंग आणि पत्र्याबद्दल जरा जास्त बोलणार, चालवून घ्या.

ही कुठली गाडी? जीप आहे का?

जीप नाही. लोटस सेव्हन नावाची एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती, तिच्या धर्तीवर बांधतोय. लांब निमुळतं नाक, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, दोन सीट, दार नाही, आणि बसलात की बूड रस्त्यापासून वीतभर वर. मूळ लोटस आता मिळणं जवळपास अशक्य, पण तीच गाडी इंग्लंडमध्ये कॅटरहॅम नावाची छोटी कंपनी आजही बनवते. माझी फ्रेम कॅटरहॅमचीही नाही, घरची आहे. पण ही फ्रेम बांधावीशी वाटली ती त्या कंपनीची गोष्ट वाचूनच, म्हणून खाली बरंचसं तिच्याबद्दलच आहे.

मूळ गाडी कोणी काढली?

कॉलिन चॅपमन. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली रेसिंग गाडी बनवली आणि मग उत्तर लंडनमधल्या हॉर्नसीला लोटस सुरू केली. त्याचा सगळा जोर वजन कमी करण्यावर, इंजिन मोठं करण्यापेक्षा गाडीतलं नको ते काढून टाका हा त्याचा हिशोब. लोटस सेव्हन आली १९५७ मध्ये. सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हॉल्व्ह म्हणजे जुन्या, साध्या पद्धतीचं इंजिन, ताकद साधारण ४० बीएचपी (हॉर्सपॉवर), म्हणजे आकडा ऐकून कोणी वळूनही बघणार नाही, पण गाडीचं वजनच पाचशे किलोच्या आत-बाहेर असल्यामुळे ती पळायची. १९७२ पर्यंत चार सिरीज, म्हणजे चार आवृत्त्या निघाल्या आणि सगळ्या मिळून जेमतेम अडीच हजार गाड्या झाल्या. एवढ्याच! आणि आज जगभर तिच्यासारख्या गाड्या त्याच्या कितीतरी पट आहेत.

किटमध्ये विकायचे म्हणजे नक्की काय?

खोक्यात गाडी. फ्रेम, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, सगळं सुटं घरी यायचं आणि तुम्ही गॅरेजमध्ये जोडायचं. कारण सरळ पैशाचं होतं, ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांवर नाही. त्यात अट अशी की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत, मग असं सांगतात की लोटसवाल्यांनी गाडी *सुटी कशी करायची* याच्या सूचना दिल्या, आता त्या उलट्या वाचायला कोणी अडवलं नव्हतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपल्या एमआयडीसीत ड्रॉइंग हातात नसताना नमुना उघडून उलटा प्रवास करत काम शिकलेली कितीतरी माणसं मी बघितलीत, आमच्या शेडमध्येच दोघं आहेत.

एवढी चांगली होती तर लोटसनी सोडली का?

दोन गोष्टी जुळून आल्या. एक, चॅपमनला कंपनी वरच्या वर्गात न्यायची होती, मोठ्या आणि महागड्या गाड्या करायच्या होत्या, त्यात ही उघडी-बोडकी गाडी बसत नव्हती. दुसरं, १ एप्रिल १९७३ पासून ब्रिटनमध्ये व्हॅट आला, तो किटवरही लागायचा, त्यामुळे किटचा टॅक्सचा फायदाच संपला. १९७० ला आलेल्या चौथ्या सिरीजमध्ये त्यांनी फायबरची जाडसर, जरा चौकोनी बॉडी दिली होती, बीच बग्गीच्या फॅशनकडे झुकणारी, पण जुन्या गिऱ्हाइकांना ती फारशी पटली नाही. मलाही पटत नाही, पण हे माझं मत.

मग कॅटरहॅम मध्येच कुठून आली?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे उत्तर लांब होणार.

कॅटरहॅम हे लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यातलं एक गाव. तिथे ग्रॅहम निअर्न नावाच्या माणसाचं गाड्या विकायचं दुकान होतं, १९६० च्या आसपासपासून तो लोटसच्या गाड्या विकायचा आणि पुढे तर सेव्हन विकणारा मुख्य माणूस तोच झाला. १९६७ च्या एका गाजलेल्या ब्रिटिश टीव्ही मालिकेत नायकाकडे सेव्हन होती, तिच्या शेवटच्या भागात गाडी आणून देणारा माणूस म्हणून निअर्न स्वतः पडद्यावर दिसतो, इतका तो त्या गाडीशी बांधला गेलेला. लोटस ही गाडी बंद करणार हे कळल्यावर १९७३ मध्ये त्याने बनवण्याचे हक्क, उरलेली किट आणि सामान विकत घेतलं. म्हणजे विचार करा, डीलर माणूस, कारखाना चालवायचा अनुभव नाही, आणि मोठी कंपनी ज्या गाडीला भविष्य नाही म्हणून सोडतेय ती हा पैसे मोजून घेतोय.

सुरुवातीला त्याने चौथी सिरीजच बनवायला घेतली, पण तिचे पार्ट लवकरच संपायला आले. अशा वेळी बहुतेक जण दुकान बंद करतील. निअर्नने १९७४ मध्ये सरळ मागे जाऊन तिसरी सिरीज परत सुरू केली, अॅल्युमिनियमचा पत्रा, पाइपांची फ्रेम, तोच जुना चेहरा. गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्याला दुकानात रोज समोरासमोर ऐकून माहीत होतं, आणि मला वाटतं कारखानदार नसून विक्रेता असण्याचा त्याला इथे फायदाच झाला. आज तुम्ही जी कॅटरहॅम बघता ती त्याच तिसऱ्या सिरीजची नातवंडं.

अजून एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसांसाठी. फ्रेम अनेक वर्षं ते स्वतः करत नव्हते, आर्च मोटर्स नावाचं एक छोटं वेल्डिंगचं दुकान लोटसच्या काळापासून सेव्हनच्या फ्रेम बनवायचं आणि कॅटरहॅमलाही तेच पुरवत राहिलं. म्हणजे चक्क जॉबवर्क. कंपनी बदलली, मालक बदलला, पण जिग, म्हणजे वेल्डिंग करताना पाइप बरोबर जागेवर धरून ठेवणारा साचा, आणि ती लावणारे हात तेच राहिले. गाडी जिवंत राहिली त्याचं निम्मं श्रेय मी त्या जिगला देतो. ड्रॉइंग हरवलं तर परत काढता येतं हो, जिग मोडीत गेली की गाडी गेली.

नंतर कंपनीचं काय झालं?

१९८७ ला कारखाना केंट परगण्यात डार्टफर्डला हलवला. निअर्न कुटुंबाने २००५ मध्ये कंपनी विकली. २०११ मध्ये मलेशियाचा उद्योजक टोनी फर्नांडिस याने घेतली, त्याच काळात फॉर्म्युला वनमध्ये कॅटरहॅम नावाने टीम धावली, २०१२ ते २०१४, पण ती टिकली नाही. २०२१ पासून मालक जपानची व्हीटी होल्डिंग्ज. इतक्या वेळा मालक बदलूनही वर्षाला काही शे गाड्यांचाच धंदा, आणि गाडी तीच.

म्हणजे शेवटी कॉपीच ना?

नाही, आणि हा प्रश्न जरा नीट समजून घ्या कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. हक्क विकत घेऊन तीच गाडी पुढे चालू ठेवणं याला कंटिन्युएशन म्हणतात, कॅटरहॅम त्यात येते. हक्क नसताना जुन्या गाडीसारखी नवी बांधणं ती रेप्लिका. जुन्या गाडीचा प्रत्येक भाग मोजून, त्याच मटेरियलमध्ये, त्याच पद्धतीने केलेली ती टूलरूम कॉपी, ती फार महाग पडते कारण तिथे नुसता चेहरा जुळून चालत नाही, आतला ब्रॅकेटसुद्धा जुळावा लागतो. आणि साध्या गाडीवर फायबरचं नाक चिकटवून फेरारी म्हणून फिरवणं यातल्या कशातच बसत नाही.

रेप्लिका बनवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही, फक्त ती रेप्लिका आहे हे स्वच्छ सांगायचं. खोटा चेसिस नंबर ठोकून ओरिजिनल म्हणून खपवली की ती फसवणूक, मग काम कितीही सुंदर असो.

वेस्टफील्डचं नाव ऐकलंय, ते कोण?

तेही इंग्लंडचेच, आणि अस्सल रेप्लिकावाले म्हणायचे तर हे. ख्रिस स्मिथ याने १९८२ मध्ये सुरुवात केली ती लोटस इलेव्हनच्या रेप्लिकेने. इलेव्हन म्हणजे सेव्हनच्याच काळातली गोल अंगाची रेसिंग गाडी, १९५७ च्या ल माँमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, अवघ्या ७४४ सीसीच्या इंजिनवर तिने इंडेक्स ऑफ परफॉर्मन्स (इंजिनच्या आकाराच्या हिशोबाने दिलं जाणारं बक्षीस) जिंकला होता, त्यामुळे नाव मोठं आणि मूळ गाड्या पावणेतीनशेच्या आसपासच. नंतर वेस्टफील्डने सेव्हनसारखी गाडी काढली, ती इतकी सारखी होती की कॅटरहॅम कोर्टाच्या दारात गेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या बाहेर समझोता झाला आणि वेस्टफील्डने डिझाइन बदललं, फायबरची बॉडी घेतली. खरं तर त्यामुळे त्यांचं भलंच झालं असं मला वाटतं, स्वतःचा चेहरा मिळाला. हॉलंडची डोंकरवूर्टही १९७८ मध्ये सेव्हनपासूनच निघाली आणि आता तिच्या गाड्या ओळखूही येणार नाहीत इतक्या वेगळ्या झाल्यात.

रेप्लिका म्हटलं की सगळीकडे कोब्राच का दिसते?

कारण मूळ गाड्या हजारच्या आसपास आणि मागणी अफाट. कोब्रा म्हणजे ब्रिटनच्या एसी कंपनीची एस नावाची हलकी गाडी, तिच्यात अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं. तीच पहिली गाडी २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. मग सामान्य माणसाने काय करायचं? १९९५ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची फॅक्टरी फाइव्ह असे किट विकते. अमेरिकेत २०१५ मध्ये कायदाच झाला की छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ पर्यंत रेप्लिका गाड्या तयार अवस्थेत विकता येतील, मूळ गाडी किमान २५ वर्षं जुनी हवी. नियम प्रत्यक्ष लागू व्हायला २०२१ उजाडलं. कोब्राबद्दल एवढं पुरे, माझा जीव सेव्हनवर आहे.

या बारीक पाइपांवर गाडी उभी राहते? तुटणार नाही?

सगळे हेच विचारतात. इंचाचा पाइप, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी, बघून विश्वास बसत नाही हे मान्य. पण ताकद पाइपाच्या जाडीत नसते, त्रिकोणात असते. चार पाइपांचा चौकोन करून कोपऱ्यात ढकला, वाकतो. त्यात एक तिरका पाइप घाला, मग ढकलून दाखवा. दिंडोरी किंवा पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत मांडव बघा, कडेच्या अँगलना बाहेरच्या बाजूला तिरके ताण दिलेले असतात, ते काढले तर घडांच्या वजनाने अख्खा मांडव आत झुकेल. तिथे तार ओढून धरते, इथे पाइप ओढतोही आणि दाबतोही, एवढाच फरक. याला स्पेसफ्रेम म्हणतात.

गंमत मात्र वेल्डिंगमध्ये आहे. माझी पहिली फ्रेम वाया गेली. मी एका बाजूचे सगळे जॉइंट ओळीने पूर्ण मारत गेलो, गरम झालेली बाजू थंड होताना आवळली आणि सकाळी कर्ण मोजले तर दोन्हीत अकरा मिलिमीटरचा फरक. अकरा! सस्पेन्शनच्या ब्रॅकेटला दोन मिलिमीटरसुद्धा खूप होतात. दुसऱ्या वेळी आधी जाड प्लेटवर जिग केली, सगळीकडे फक्त टॅक (जागेवर धरण्यापुरते वेल्डिंगचे ठिपके) मारले, मग समोरासमोरचे जॉइंट आलटून पालटून, एक इथला की एक तिथला, मध्ये थंड होऊ देत. फरक दीड मिलिमीटरवर आला. जिग करायला तीन महिने गेले, फ्रेम पाच आठवड्यांत झाली.

बॉडी फायबरची का अॅल्युमिनियमची?

दोन्ही. बाजूचे पत्रे सपाट आहेत, ते अॅल्युमिनियमचे, कोणीही वाकवेल. नाक आणि मडगार्ड गोल, ते लोटसनेही दुसऱ्या सिरीजपासून फायबरचे केले. आधी मी पण नाकाचा मोल्ड केला, पण फायबर चिकटू नये म्हणून लावतात ते वॅक्स नीट बसलं नव्हतं आणि पीस मोल्डमध्येच चिकटला, काढताना दोन्ही गेले.

तेव्हा मदतीला आले ते आमच्या ओळखीचे काका, ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर पत्र्याचं काम करून रिटायर झालेले. ते म्हणाले, "फायबर राहू दे, पत्रा आण, मी मठारून देतो." वाळूची चामड्याची पिशवी, लाकडी हातोडा आणि दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा. आधी पत्र्यावर साबण चोळला आणि खालून हलकी ज्योत फिरवली, साबण तपकिरी झाला की पत्रा नरम झाला असं समजायचं, थर्मामीटर नाही काही नाही. मग पिशवीवर ठेवून ठोके, मध्यातून बाहेर, एकसारखे. दर दहा मिनिटांनी ते पत्रा उचलायचे आणि वरच्या ट्यूबलाइटखाली तिरका धरायचे, ट्यूबचं प्रतिबिंब सरळ वाहिलं पाहिजे, जिथे ते थरथरतं तिथे खड्डा. बोटांनी चाचपायचे तेही डोळे मिटून, आणि डाव्या हाताने, उजव्या हाताला हातोडीमुळे कळत नाही म्हणाले.

नाशिकला तांब्याची भांडी घडवणारे तांबट पिढ्यानपिढ्या हेच करतात, हंड्यावरचे ते बारीक ठोके शोभेसाठी नसतात, ठोक्याने पत्रा कडक होतो. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या स्पोर्ट्स कारच्या बॉड्याही अशाच हाताने ठोकायचे. हे सगळं आपल्या गावात आहे, ते करणाऱ्यांचं वय मात्र सत्तरच्या पुढे गेलंय. मी काकांचं काम मोबाइलवर शूट करून ठेवलंय आणि शेडमधला एक पोरगा त्यांच्याकडे शिकतोय.

भारतात अशी गाडी कोणी बनवली का?

बनवली, आणि आपल्या महाराष्ट्रातच. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर (उघडी, दोन सीटची गाडी) काढली होती, फायबर बॉडी आणि इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे कॉन्टेसा आणि नंतरच्या ॲम्बेसेडरमध्ये असायचं ते. त्यामुळे इथे होऊच शकत नाही असं म्हणू नका.

पासिंग होईल का? एमएच १५ नंबर मिळेल?

सरळ सांगतो, घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावरची नोंदणी मिळवायचा सोपा मार्ग आपल्याकडे नाही. गाडी बनवून विकायची किंवा नोंदवायची तर मॉडेलला एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेची टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी लागते, एमिशन बीएस-६ प्रमाणे लागतं, आणि एका गाडीसाठी तो खर्च माझ्यासारख्याला झेपणारा नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून नंबर देण्याची पद्धत आहे, म्हणून तिथे छोटे कारखाने जगले. अशी सोय नसती तर निअर्नसारखा माणूस कितीही जिद्दीचा असता तरी टिकला नसता. आपल्याकडे अशी तपासणी यावी असं मला मनापासून वाटतं, सुरक्षेचे नियम हवे तेवढे कडक ठेवा पण दार तरी असू द्या.

माझी गाडी रस्त्यावर येणार नाही. खाजगी जागेत आणि ट्रॅकवर, तीही ट्रेलरवरून नेऊन.

जुन्या जीपच्या किंवा मारुतीच्या आरसीवर ही बॉडी चढवली तर?

नका करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढतील, आणि समोरच्या माणसाचं नुकसान कोण भरणार?

व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीज (जुन्या गाड्यांसाठीचा खास नंबर) मिळेल ना?

नाही. २०२१ चे नियम ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी आहेत, फी २० हजार. कालच्या पाइपची गाडी १९५७ ची दिसली म्हणून १९५७ ची होत नाही.

इंजिन कुठलं टाकणार?

सुझुकीचं, मारुतीतून निघालेलं. आणि हे स्वस्तात मिळतं म्हणूनच नाही, खुद्द कॅटरहॅमने २०१३ मध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन घेऊन सर्वात छोटी सेव्हन काढली, ८० बीएचपी, मागचा अखंड ॲक्सलही सुझुकीचाच. पुढे २०२१ ला १७० नावाने तिची सुधारित आवृत्ती आली ती ४४० किलोची. आपली मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची होती, म्हणजे बघा. माझी पाचशेच्या आत ठेवायची आहे, आत्ता फ्रेम ७१ किलो भरली, काट्यावर मोजून.

पावसात काय?

भिजायचं. इगतपुरीकडे जुलैत तर विचारही करू नका.

आमच्या कॉलेजची टीम आहे, बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधण्याच्या स्पर्धांसाठी फ्रेम करतोय, मदत कराल का?

हो, कधीही या. नाशिकची पोरं यात चांगलं काम करतात आणि स्पेसफ्रेम शिकायला याहून चांगली शाळा नाही. फक्त येताना कॉम्प्युटरवरचं मॉडेल तेवढं आणू नका, पीव्हीसी पाइपचं किंवा निदान स्ट्रॉचं छोटं मॉडेल करून आणा, हाताने पिळून बघितलं की कुठला तिरका पाइप राहिलाय ते लगेच कळतं. मी पण तसंच केलं होतं, अगरबत्तीच्या काड्यांचं.

बघायला येऊ का?

रविवारी सकाळी या, इतर दिवशी जॉबचं काम चालू असतं. मुलांना आणा, काका असले तर त्यांना हातोडी धरायला देतात. फक्त चपला घालून येऊ नका, बूट घाला, खाली पत्र्याच्या कातरणी पडलेल्या असतात.